निर्दोष सुटलेली बाई आणि तिचे कागद : कोल्हापुरातलं एक प्रकरण

शिक्षा भोगून सुटणाऱ्या बाईला सुटकेची तारीख आधीपासून ठाऊक असते. निर्दोष सुटणारीला ती त्याच दिवशी दुपारी कळते. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात निकाल लागतो, सुटकेचा आदेश कळंब्याला जातो आणि दिवस मावळायच्या सुमारास ती कारागृहाच्या फाटकाबाहेर उभी असते. हातात कपड्यांची पिशवी, मोबाईल नाही, आणि आज रात्री कुठं जायचं याचं उत्तरही नाही.

कारागृहातून सुटलेल्या बायकांच्या पुनर्वसनाबद्दल बोलताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शिक्षा पूर्ण केलेली बाई असते. कळंब्याच्या महिला विभागात विधी स्वयंसेवक म्हणून जाताना मला मात्र भेटतात त्या बहुतेक न्यायाधीन बंदी, म्हणजे खटला चालू असलेल्या. त्यातली एक 2025 च्या उन्हाळ्यात निर्दोष सुटली. तिच्या संमतीने हे लिहिते आहे. नाव घेत नाही, गावही सांगत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. जिल्ह्याच्या पूर्वेकडचा ऊसपट्टा एवढंच पुरे.

तिचा नवरा तणनाशक पिऊन गेला. पाइपलाइनसाठी काढलेलं सोसायटीचं कर्ज, त्यावर फायनान्सवाल्यांचे आठवड्याचे हप्ते. दिराने फिर्याद दिली की औषध तिनेच चहातून पाजलं. 302 लागलं. मुलगी नऊ वर्षांची होती, ती आजीकडे राहिली. मुलगा अडीच वर्षांचा होता, तो आईबरोबर आत गेला.

खुनाच्या आरोपातही बाईला जामीन देण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण तिचा अर्ज फेटाळला गेला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये पहिल्यांदाच आरोपी झालेल्या बंद्याला शिक्षेच्या कमाल मुदतीचा एक तृतीयांश काळ काढल्यावर सोडण्याची तरतूद आहे, तीही तिला लागू नव्हती. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, तो त्या तरतुदीतून वगळला आहे. खटला संपेपर्यंत चार वर्षांहून जास्त काळ गेला. औषध कुणी आणलं, कुणी दिलं, यातलं काहीच सिद्ध झालं नाही.

मुलाचं काय झालं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरलं. आईबरोबर मूल सहा वर्षांचं होईपर्यंत कारागृहात राहू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली आर. डी. उपाध्याय प्रकरणात हे ठरवून दिलं आहे. त्याला सहा पूर्ण झाली तेव्हा खटला साक्षीपुराव्यातच होता. आजी त्याला घ्यायला तयार नव्हती. बालकल्याण समितीच्या आदेशाने तो बालगृहात गेला. आई सुटली तेव्हा त्याला तिथे नऊ-दहा महिने झाले होते. फाटकाबाहेर आल्यावर तिने मला विचारलेली पहिली गोष्ट खोलीची नव्हती, कामाचीही नव्हती.

"ताई, पोरगं उद्या मिळंल न्हवं?"

उद्या मिळणार नव्हतं. मूल आईच्या ताब्यात द्यायचं तर समिती गृहचौकशी अहवाल मागवते. चौकशी करायची तर घर पाहिजे. घर भाड्याने घ्यायचं तर डिपॉझिट पाहिजे, डिपॉझिटला काम पाहिजे, आणि कामाचा पगार ठेवायला खातं पाहिजे. हे सगळं सरळ रेषेत होईल असं वाटत होतं, पण प्रत्येक ठिकाणी एक कागद आडवा आला, आणि त्या प्रत्येक कागदावरून तिचं नाव गेलेलं होतं. या प्रकरणातून मला सांगायचंय ते एवढंच: या बाईला कौशल्याची किंवा समुपदेशनाची गरज नव्हती असं नाही, पण त्याच्या आधी तिचं नाव चार-पाच नोंदींमध्ये परत चढायला हवं होतं, आणि त्या कामाला कुठल्याच योजनेत जागा नाही.

पहिले काही आठवडे ती शहरातल्या एका महिला निवासात राहिली. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखालची शक्ती सदनं आणि त्याआधीची स्वाधार गृहं यांच्या लाभार्थींमध्ये कारागृहातून सुटलेल्या निराधार बायकांचा उल्लेख आहे, त्यामुळे प्रवेशाला अडचण आली नाही. वसतिगृहांची जननी म्हणून कोल्हापूरचा लौकिक आहे. शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, खेड्यातून आलेल्या पोराला शहरात हक्काची पाठ टेकायला जागा दिली. तोच विचार पुढे नेऊन कळंब्याहून निघालेल्या बाईला मुलांसह राहता येईल अशी दोन-चार खोल्यांची जागा या शहरात उभी राहावी, असं मला मनापासून वाटतं. निवासात ती एकटी राहू शकली, तिला पाहिजे होतं ते घर.

पहिला कागद निकालाचा. दोषी ठरून तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत न्यायालयाकडून विनामूल्य मिळते. निर्दोष सुटलेल्याला ती अर्ज करून घ्यावी लागते. आम्ही प्रमाणित प्रतीचा अर्ज दुसऱ्याच दिवशी दिला. प्रत हातात आल्यावर तिने ती प्लास्टिकच्या कव्हरात घातली आणि जिथे जाईल तिथे सगळ्यात आधी तीच टेबलावर ठेवू लागली. रेशनच्या टेबलावर, आधार केंद्रात, अगदी खोली बघायला गेल्यावरसुद्धा. मी निर्दोष आहे, हे तिला प्रत्येकाला दाखवायचं होतं. मला ते बघवत नव्हतं. त्या निकालपत्रात तिच्यावरचे सगळे आरोप, दिराची साक्ष, शवविच्छेदनाचा तपशील, सगळं होतं. रेशनच्या कारकुनाला ते वाचायचा काय अधिकार? आम्ही दोघींनी बसून ठरवलं: निकाल दोनच ठिकाणी दाखवायचा, बालकल्याण समितीपुढे आणि जमिनीच्या कामात. बाकीच्या टेबलांवर ती एक विधवा बाई, दोन लेकरांची आई, एवढी ओळख पुरे.

दुसरा कागद खरं तर कागद नव्हताच, मोबाईलचा नंबर होता. अटकेनंतर सिम बंद पडलं आणि कालांतराने तो नंबर कंपनीने दुसऱ्याला दिला. आधारला तोच नंबर, जनधन खात्याला तोच नंबर. आधार केंद्रात बसून मी तो नंबर लावला, तर मराठवाड्यातल्या एका पोराने उचलला. बिचारा भला होता. म्हणाला, "मावशी, तुमच्या बँकेचे मेसेज दोन वर्षं मलाच येत्यात, कुणाला सांगावं कळंना." आधारचा नंबर ठसे देऊन बदलता आला. बँकेचं मात्र अडलं. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, ते चालू करायला केवायसी लागते, केवायसीला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. आधारवर पत्ता सासरचा. शाखेतले साहेब म्हणाले, पत्ता बदलून या. पत्ता बदलायला भाडेकरार पाहिजे, आणि भाडेकरार करायला घरमालक तयार पाहिजे. सही जुळत नाही हा आणखी एक आक्षेप निघाला. चार वर्षांत तिने सही फक्त वकीलपत्रावर आणि कारागृहाच्या रजिस्टरवर केलेली, हात बदललेला. शेवटी अंगठा आणि फोटो घेऊन नवी नमुना सही करून दिली.

रेशनकार्डावरून तिचं नाव सासरच्यांनी कमी करून घेतलं होतं. वेगळं कार्ड काढायचं तर नाव कमी केल्याचा दाखला जोडावा लागतो, आणि तो मूळच्या तालुक्याच्या पुरवठा विभागातून आणावा लागतो. तिथे जायचं म्हणजे त्याच एसटीने, त्याच स्टँडवर उतरायचं. ती तयार होत नव्हती. तिचा भाऊ गेला, अर्ज देऊन दाखला घेऊन आला. हा भाऊ ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरणारा, नावावर गुंठाभर जमीन नाही, पण या सगळ्यात तो एका शब्दाने मागे हटला नाही. कुणाकुणाला वाटतं, माहेर नाकारतं. काही माहेरं नाकारतात. हे माहेर गरीब होतं, नाकारणारं नव्हतं, आणि यातला फरक समजून घेतल्याशिवाय मदत कुठं करायची हे कळत नाही. भावाला उपदेशाची गरज नव्हती, त्याला बुडणाऱ्या रोजगाराचे आणि एसटीचे पैसे पाहिजे होते. ते आम्ही दिले.

विधवा म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे महिना 1,500 रुपये तिला मिळू शकत होते. त्याला नवऱ्याचा मृत्यू दाखला लागतो, तो सासूच्या पेटीत. मृत्यूची नोंद जिथे झाली तिथून कुणालाही उतारा मागता येतो, हे तिला माहीत नव्हतं. भावाने तोही आणला. याच योजनेच्या पात्रतेत तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या पत्नीचा स्वतंत्र उल्लेख आहे. जी बाई स्वतः आत होती, तिच्यासाठी तशी ओळ नाही. लाडकी बहीण योजनेचे अर्ज 2024 च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत घेतले गेले, तेव्हा ती कळंब्यात होती.

याच काळात दोन भल्या माणसांनी तिला शिलाई मशीन देऊ केलं. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी जाणते. पण मशीन ठेवायला खोली नाही, शिवलेलं द्यायला ओळखीच्या बायका नाहीत, आणि मुळात तिला शिवण येत नव्हती. "मला भाकरी येती वो, मशीन घिऊन काय करू?" असं ती म्हणाली. संस्थांमध्ये आणि दात्यांमध्ये हा समज इतका घट्ट आहे की, बाई सुटली, मशीन दिलं, फोटो काढला, पुनर्वसन झालं. ते पैसे खोलीच्या डिपॉझिटला वळवता येतील का, असं मी दोघांनाही विचारलं. एकाने लगेच हो म्हटलं. दुसऱ्यांना वस्तूच द्यायची होती, त्यांना मी गॅसची शेगडी आणि भांडी सुचवली, ती त्यांनी आनंदाने दिली.

कामाचं आधी वेगळंच ठरत होतं. कागलच्या औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे पॅकिंगला बायका पाहिजे होत्या. त्याने पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला. दाखल्यात गुन्हा दाखल झाल्याची नोंद येते, पुढे निर्दोष मुक्त असंही येतं, पण वाचणारा पहिल्या ओळीवरच थांबतो. शिवाय खटल्यांची माहिती आता ऑनलाइन आहे, नाव टाकलं की दिसते. ठेकेदार उद्धट वागला नाही, फोन उचलायचा मात्र बंद झाला.

मग राजारामपुरीतली एक खानावळ. चालवणारी बाई साठीची, स्वतः विधवा, दोन वेळच्या मिळून शेकड्याने भाकऱ्या लागतात. मी तिला सगळं सांगितलं, लपवलं नाही. तिने पिठाचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, "थापून दाखव. भाकरी फुगली की झालं, बाकीचं माझं मी बघती." तिने थापली, परातीत सपासप फिरवली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, जाळाला लावली. टम्म फुगली. दुसरीही फुगली. चार वर्षं हात पिठाला लागला नव्हता, तरी कड कुठं चिरली नाही. मालकिणीने दर ठरवला, भाकरीमागे इतके, आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

कळंब्याच्या बंद्यांनी वळलेले लाडू या शहराने अंबाबाईचा प्रसाद म्हणून कपाळाला लावून खाल्ले आहेत. तेव्हा कोल्हापूरकर अशा हातचं खाणार नाहीत असं मला कुणी सांगू नये. आडवी येते ती भीती, आणि ती बहुतेक वेळा गिऱ्हाइकाची नसते, ठेवून घेणाऱ्याची असते. लोक काय म्हणतील याची. खानावळीच्या मालकिणीला ती नव्हती, त्यामुळे प्रश्न मिटला.

काम लागल्यावर फुलेवाडीत खोली मिळाली. घरमालकाने भाडेकरार करून दिला तो खानावळीच्या मालकिणीने शब्द टाकल्यावर. त्या एका करारावर बाकीचं सगळं हललं: आधारचा पत्ता, खातं, रेशनकार्ड, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गृहचौकशी. समितीच्या सांगण्यावरून आलेल्या ताईंनी खोली पाहिली, शेजारी विचारपूस केली, शाळा किती लांब आहे ते मोजलं. बालसंगोपन योजनेतून मुलासाठी दरमहा 2,250 रुपयांचा अर्जही त्यांनीच भरायला लावला.

मुलगा घरी आला तेव्हा सात वर्षांचा होत आला होता. सुरुवातीला तो संध्याकाळ झाली की खेळ टाकून आत येई आणि पलंगाशेजारी भिंतीला टेकून बसे. तिला कळेना. मला कळलं, कारण मी ती वेळ आतून पाहिली होती. ती गिनतीची वेळ. बरॅक बंद व्हायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या जागेवर बसायचं, हे त्याला समज आल्यापासून माहीत होतं. त्याला तिने ओरडून बाहेर काढलं नाही. ती स्वतः त्या वेळी त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ लागली, रोज काहीतरी किरकोळ आणायला. मीठ, काडेपेटी, एक रुपयाची गोळी. हळूहळू तो तिच्या आधी चपला घालून तयार राहू लागला.

मुलीचं एवढं सोपं नाही. ती आता तेरा पार केलेली. आजीने तिला वाढवलं, शाळेत घातलं, आजारपणं काढली. आजीच्या दृष्टीने सुनेने लेक मारला, आणि कोर्टाच्या निकालाने तिचं मन बदललेलं नाही. मी त्या म्हातारीला वाईट म्हणू शकत नाही. तिचा हाताशी आलेला लेक गेला. पण पोरीच्या कानावर रोज तेच पडतं. वकिलांचा सल्ला होता की 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली ताबा मागावा. बाप नसला की आई हीच नैसर्गिक पालक, बाजू भक्कम आहे. मी विरोधात होते आणि आईही. त्या वयाच्या मुलीला न्यायाधीश विचारणारच, तुला कुणाकडे राहायचं आहे, आणि आज तिचं उत्तर आईला झेपणारं नसेल. शिवाय एकदा कोर्टात नको म्हणालेली पोर पुढे मनात आलं तरी कशी येईल? म्हणून अर्ज केला नाही. मामा मध्ये आहे. त्याच्या हातून वह्या, कंपास, पावसाळी चपला जातात. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी मामाकडे दोन दिवस आली होती, आई तिथे असणार हे माहीत असूनही आली. फारसं बोलली नाही, पण भावाला जवळ घेऊन झोपली.

राहता राहिली जमीन. एक एकर, नवऱ्याच्या नावाची. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि नवऱ्याची आई असे चौघे सारखे वारस. सातबाऱ्यावर मात्र सासू आणि दोन मुलं, एवढीच नावं चढलेली, आणि मुलांच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आजी. सुनेचं नाव वगळताना आधार दिला गेला तो त्याच कायद्याच्या कलम 25 चा: खून करणाऱ्याला मयताच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. वारस नोंद झाली तेव्हा खटला सुरूही झाला नव्हता. आरोपपत्र आणि दोषसिद्धी यातला फरक गावात कुणी केला नाही. याच जिल्ह्यातल्या हेरवाडने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला आणि राज्य सरकारने त्याचा आदर्श इतर गावांपुढे ठेवला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्या ठरावाचा मला अभिमान आहे. त्याच्या पुढची पायरी मला सातबाऱ्यावर दिसते: नवरा गेल्यावर बाईचं नाव उताऱ्यावर परस्पर कसं येत नाही, हे ग्रामसभेने विचारायचं.

त्या वारस नोंदीच्या फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केलं आहे, उशीर माफीच्या अर्जासह. उशिराचं कारण एका ओळीचं आहे, अर्जदार कारागृहात होती. दिराने निर्दोष मुक्ततेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केलं आहे. पूर्वी त्यासाठी मुंबईला जावं लागलं असतं. 2025 च्या ऑगस्टपासून सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झाल्याने ते काम इथेच चालेल. तिच्यासाठी ही सोय मोठी आहे, कारण दुपारची भाकरी थापून ती तारखेला जाऊ शकते.

न्यायाधीन आणि सिद्धदोष बंद्यांमधला फरक या प्रकरणाने मला जास्त टोचला. सिद्धदोष बंद्याला कामाची मजुरी मिळते, संचित आणि अभिवचन रजेवर घरी जाऊन यायची संधी मिळते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या 2022 सालच्या जिव्हाळा योजनेत 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, तेही त्याला. जिच्यावर काहीच सिद्ध झालं नाही, तिच्या हातात यातलं काही नाही. विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात अशा चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला, तो झालेला नाही. देशभरच्या कारागृहांत 2022 अखेर 23,772 बायका होत्या, एकूण बंद्यांच्या चार टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान, म्हणून त्यांच्यासाठी कुणी वेगळं काही आखत नाही.

आम्ही एक गोष्ट बदलली आहे. महिला विभागातल्या कुणाच्या खटल्यात अंतिम युक्तिवादाच्या तारखा लागल्या की, निकाल काय लागेल याची वाट न बघता तिच्याकडे बसतो. मोबाईल नंबर कुणाकडे आहे, आधार कुठे आहे, खातं कुठल्या शाखेत, रेशनकार्डावर आणि सातबाऱ्यावर आज कुणाची नावं आहेत, मूल कुठल्या शाळेत आणि कुणाच्या ताब्यात, सुटली तर पहिल्या रात्री कुणाच्या दारात जाणार. उतारे आम्ही बाहेरून काढून आत नेऊन दाखवतो. या प्रकरणात सातबारा आधी पाहिला गेला असता, तर फेरफारावरची हरकत आतूनच, वेळेत गेली असती. प्रांतांपुढे उशीर माफीची सुनावणी अजून व्हायची आहे.